चालताना कमरेला, काम करताना कपाळाला

या आठवड्यात वीज रात्रीच्या पाळीची. साडेअकराला लाइट आली आणि वस्तीवरच्या घरधन्याने अंगावरची घोंगडी बाजूला सारली.

"अहो, बॅटरी घेतली का?" आतून आवाज आला.

"घेतली, घेतली. तू निज."

एका हातात बॅटरी, खांद्यावर खोरे, असा गडी बांधाने निघाला. विहिरीवर मोटार चालू केली आणि पाण्यामागोमाग पाटाने चालत कांद्याच्या वाफ्याशी आला. आता एक दारे मोडायचे आणि दुसरे बांधायचे. त्याला खोरे दोन्ही हातांनी धरावे लागते. मग बॅटरी कुठे ठेवायची? कधी बगलेत, कधी दातांत, कधी बांधावर. बगलेतली बॅटरी आभाळाकडे उजेड पाडते, दातांतली लाळेने भिजते आणि बांधावर ठेवलेली नेमकी पाटात घरंगळते. पाय चिखलात आणि हात मातीत असतात, त्याच वेळी उजेड भलतीकडे असतो.

शेतकरी बंधुभगिनींनो, आजचा लेख त्या एवढ्याशा वेळेबद्दल आहे. हात मोकळे राहावेत म्हणून आता बाजारात डोक्याला बांधायचे दिवे आले आहेत. कोणी त्याला हेडलॅम्प म्हणते, कोणी डोक्याची बॅटरी. आठवडी बाजारातही ते मिळतात आणि एकाहून एक भारी आकडे त्यांच्या खोक्यांवर छापलेले असतात. घ्यावा कोणता, आणि घेतल्यावर वापरावा कसा, हे नीट समजून घेऊ. कारण वापरण्यात एक खोच आहे. ती ज्याला कळली नाही, त्याचा महागडा दिवाही अर्धाच कामाचा.

रात्रीचे रान

आपल्या राज्यात शेतीच्या मोटारींना वीज अनेक वर्षे पाळीने मिळत आली. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. जिथे दिवसाची वीज पोचली, तिथल्या माणसांची झोप परत मिळाली. जिथे पोचलेली नाही, तिथे रात्रीचे दारे धरणे सुटलेले नाही. शिवाय रात्री व्यालेली म्हैस आहे, पावसात अचानक झाकायची कांद्याची चाळ आहे, पहाटेची धार आहे. शेतकऱ्याची रात्र कधी पुरती रिकामी नसते.

या अंधारात सर्वांत मोठी भीती जनावराची, म्हणजे सापाची. ही भीती पोकळ नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असा अंदाज दिला आहे की, २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. वर्षाची सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, आणि जवळजवळ निम्मे मृत्यू पावसाळ्यातले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणावेत, असे त्याचे उद्दिष्ट आहे. सरकार आपले काम करील. पण पाऊल टाकण्यापूर्वी समोरची वीतभर जमीन पाहणे हे काम आपलेच आहे.

दिवा डोक्यावर कसा चढला

दिवा डोक्याला बांधण्याची युक्ती खाणकामगारांची. खाणीत दोन्ही हात पहारीला आणि घमेल्याला लागतात. आधी टोपीला तेलाची चिमणी अडकवत. पुढे कार्बाइडचा दिवा आला. कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पडले की वायू निघतो आणि तो वायू जळून उजेड देतो. मग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत एडिसनने खाणकामगारांसाठी विजेचा दिवा तयार केला. त्यात बल्ब टोपीवर, जड बॅटरी कमरेच्या पट्ट्याला आणि दोहोंच्या मध्ये वायर. आपल्याकडे चंद्रपूर-नागपूर भागातल्या भूमिगत कोळसा खाणींत उतरणाऱ्या कामगारांच्या टोपीवर दिसणारा दिवा याच घराण्यातला.

पुढची मोठी उडी एलईडीची. निळा उजेड देणारा एलईडी बनवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळसर लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. जुना बल्ब विजेतली बहुतेक शक्ती उष्णतेत घालवी. एलईडी त्याच सेलवर कितीतरी जास्त वेळ जळतो. म्हणून आता मूठभर दिवा कपाळावर बांधून रात्र काढता येते.

दगडातले जीव शोधणारे लोक

आता मघाशी म्हटलेली खोच. ती समजायला जरा दूर, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जाऊ.

तिथे लाइम रीजिस नावाचे गाव आहे. गावाजवळच्या कड्यांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री जीवांचे दगड झालेले अवशेष आहेत. त्यांना जीवाश्म म्हणतात. आपल्या देवघरातला गंडकी नदीतला शाळिग्राम डोळ्यांसमोर आणा. त्यातले चक्र म्हणजे तसल्याच एका प्राचीन शंखजीवाचा ठसा. अशी चक्रे त्या इंग्रज किनाऱ्यावर सापडतात. दोनशे वर्षांपूर्वी त्याच गावात मेरी ॲनिंग नावाची गरीब सुताराची मुलगी असे दगड शोधून विकून घर चालवीत असे. मोठमोठ्या शास्त्रज्ञांना तिच्या शोधांची दखल घ्यावी लागली. १८३३ साली कडा कोसळून तिचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत गाडला गेला. ती थोडक्यात बचावली.

जीवाश्म शोधायला हिवाळा चांगला, कारण वादळी लाटा कडे पोखरतात आणि नवे दगड किनाऱ्यावर येऊन पडतात. पण तिथला हिवाळ्याचा दिवस अगदी आखूड. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. आणि शोधायचे ते ओहोटीच्या वेळी. ओहोटी काही माणसाची सोय पाहून येत नाही. म्हणून आजही काही शोधणारे अंधारात कपाळाला दिवा बांधून किनारा धुंडाळतात. कड्याखाली मात्र अंधारात उभे राहायचे नाही, हा नियम तिथले जाणकार नवख्यांना आधी सांगतात.

या लोकांच्या कामातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कपाळावरच्या उजेडात दगड उजळतो, पण सपाट दिसतो. तोच दिवा हातात घेऊन खाली, जमिनीलगत, बाजूने धरला की दगडावरची प्रत्येक कड, प्रत्येक वळसा सावली टाकतो आणि लपलेले चक्र डोळ्यांत भरते.

पाट्यावरचा प्रयोग

हे पटण्यासाठी किनाऱ्यावर जायला नको. आज रात्री घरातच करून पाहा. स्वयंपाकघरातला पाटा जमिनीवर ठेवा आणि घरातले दिवे मालवा. बॅटरी डोळ्यांजवळ कपाळाला धरून पाट्याकडे पाहा. पाटा दिसेल, पण टाकीचे घाव पुसट दिसतील. आता तीच बॅटरी जमिनीवर आडवी ठेवून बाजूने उजेड टाका. टाकीचा एकेक घाव मोजता येईल.

कारण सोपे आहे. उंचसखलपणा आपल्याला सावलीवरून कळतो. उजेड डोळ्यांच्या अगदी जवळून निघाला, तर प्रत्येक वस्तूची सावली त्या वस्तूच्या मागेच लपते. ती आपल्याला दिसत नाही. म्हणून कपाळाच्या दिव्यात पायवाटेवरचा खड्डा, ढेकूळ, दोरी आणि दोरीसारखे जनावर एकाच पातळीवर रंगवल्यासारखे वाटतात. उजेड कमरेच्या उंचीवरून आला, की खड्ड्यात सावली भरते आणि वाटेवर पडलेल्या प्रत्येक वस्तूमागे लांब काळी रेघ उमटते. वेटोळे असेल तर वेटोळ्यासारखे दिसते.

धुक्यातही हाच अनुभव येतो. पहाटे धुके दाटले असताना कपाळाचा दिवा लावला, तर डोळ्यांसमोर पांढरा पडदा उभा राहतो. धुक्याचे कण तो उजेड सरळ डोळ्यांत परत फेकतात. दिवा खाली घेतला की पडदा विरतो. औषध फवारताना, पावसाच्या भुरभुरीत, मळणीच्या धुळीतही असेच.

यावरून एक साधा नियम ध्यानात ठेवा: चालताना कमरेला, काम करताना कपाळाला. घरापासून विहिरीपर्यंत आणि पाटाने चालताना दिवा पट्ट्यासकट कमरेला बांधा किंवा हातात खाली धरा. वाफ्याशी थांबलात, खोरे हातात घेतले, की दिवा कपाळावर चढवा. दारे मोडण्यापूर्वी एकदा मान फिरवून चारी बाजू पाहा, मगच वाका. पट्टा सहज सैल होऊन कमरेला बसेल एवढा लांब असावा. नसेल तर जुने इलास्टिक जोडून घ्या. एवढे शिवणकाम घरात कोणालाही येते.

विहीर तेवढीच, मोटार मोठी

दुकानदार आधी ल्युमेन सांगतो. ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचे माप. खोक्यावर दहा हजार, पन्नास हजार असे आकडे असतात. मूठभर दिव्यातून तेवढा उजेड रात्रभर निघणे शक्य नाही. का, ते आपल्या भाषेत पाहू.

सेल ही विहीर समजा आणि एलईडी ही मोटार. सध्या बहुतेक दिव्यांत बोटाहून जाड, ३.७ व्होल्टचा लिथियमचा गोल सेल असतो. त्याला १८६५० असे नाव आहे: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. त्याची क्षमता ३००० मिलिअँपिअर-तास असेल, तर त्यात सुमारे ११ वॅट-तास वीज साठते. चांगला एलईडी एका वॅटला साधारण १०० ल्युमेन उजेड देतो. म्हणजे १०० ल्युमेनवर दिवा लावला तर थोडी घट धरून आठ-नऊ तास चालेल. तोच दिवा १००० ल्युमेनवर लावला, तर तासाभरात विहीर कोरडी. विहिरीत पाणी तेवढेच. मोठी मोटार बसवली तर लवकर उपसणार.

दारे धरायला, धार काढायला, वाटेने चालायला ५० ते १०० ल्युमेन पुष्कळ होतात. मात्र तो उजेड पसरट हवा. लांब जाणारा बारीक झोत शेताच्या दुसऱ्या टोकाचे झाड दाखवतो आणि पायाखालचे काही दाखवत नाही. लांबचे पाहायची गरज कधीमधीच पडते: कुत्री भुंकू लागली, उसात काही खसखसले तेव्हा. तेवढ्यापुरता २००-३०० ल्युमेनचा झोत असला म्हणजे झाले. म्हणून पसरट आणि झोत असे दोन्ही उजेड असलेला दिवा घ्यावा. एकच मिळत असेल तर पसरट घ्यावा.

खोक्यावरच्या तासांवरही डोळे मिटून विश्वास नको. काही नामांकित कंपन्यासुद्धा उजेड सुरुवातीच्या एक-दशांश होईपर्यंतचा वेळ मोजतात. दिवा त्या वेळी जळत असतो, पण तुमच्या कामाचा राहिलेला नसतो. नवा दिवा आणला की पूर्ण चार्ज करून एका संध्याकाळी मध्यम उजेडावर लावून ठेवा. निजताना पाहा, मध्यरात्री उठलात तर पाहा, पहाटे पाहा. जो वेळ तुम्ही स्वतः पाहाल, तोच खरा.

किराणा दुकानाचा काटा

सेलमध्ये फसवणूक फार होते. आतला माल वरच्या वेष्टनावरून कळत नाही. ९९०० मिलिअँपिअर असे छापलेला १८६५० सेल दिसला की खाली ठेवा. त्या आकाराच्या नेहमी मिळणाऱ्या उत्तम सेलची क्षमता साडेतीन हजारांच्या आसपास असते. दुसरी परीक्षा वजनाची. खरा सेल साधारण ४५ ग्रॅमच्या पुढे भरतो. किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून पाहा. तीस ग्रॅमच भरला, तर आत माल कमी आहे.

सेल काढता-घालता येणारा दिवा घ्यावा. दोन-तीन वर्षांनी सेल म्हातारा होतो. तो बदलता आला नाही, तर पूर्ण दिवा उकिरड्यावर जातो. सेल बदलता येत असला, तर एक भरलेला जादा सेल खिशात ठेवता येतो. पण सुटा सेल किल्ल्या आणि नाण्यांबरोबर खिशात टाकू नका. दोन टोके धातूने जोडली गेली तर तो तापतो, पेटूही शकतो. जुन्या प्लास्टिकच्या डबीत ठेवा.

लिथियमचा सेल गंजीजवळ, अंथरुणावर, गवतावर चार्जिंगला लावू नये. फरशीवर किंवा पाटावर, घरात कोणी जागे असताना लावावा. फुगलेला, पिचलेला, पाण्यात बुडून निघालेला सेल पुन्हा चार्ज करू नका. भर उन्हात ट्रॅक्टरवर दिवा विसरू नका. मोठ्या हातबॅटऱ्यांत अजूनही शिशाची छोटी बॅटरी असते. तिची खोड उलटी: ती रिकामी पडून राहिली की मरते. म्हणून वापर नसला तरी महिन्याकाठी तिला चार्ज करा. साधे कोरडे सेल असतील, तर हंगाम संपला की काढून ठेवा. आत राहिले तर पाझरतात आणि पत्रा खातात.

पाणी, बटण आणि पट्टा

दिव्यावर आयपी असा खुणेचा आकडा असतो. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सोसणारा. पावसात चालेल. आयपी ६७ म्हणजे धूळ आत न जाऊ देणारा आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा. पाटात पडण्याची शक्यता ज्याला रोजची, त्याने दुसरा घ्यावा. चार्जिंगच्या भोकावरचे रबरी झाकण घट्ट बसते का, तेही बघा. बहुतेक दिवे तिथूनच पाणी पितात.

बटण दुकानात डोळे मिटून दाबून पाहा. चिखलाच्या बोटांनी, थंडीत बधिर झालेल्या बोटांनी ते सापडले पाहिजे. काही दिव्यांत मंद, मध्यम, मोठा, लुकलुकणारा आणि तांबडा अशा पाच पायऱ्या ओलांडल्यावरच दिवा बंद होतो. ऐन वेळी हे फार छळते. हात हलवला की लागणारा आणि विझणारा दिवा दुकानात गंमतीचा वाटतो. रानात उसाचे पान हलले तरी तो विझतो. ती सोय बंद करता येत नसेल, तर तो दिवा नको.

पट्टा धुता येणारा हवा. वजन कपाळावर शंभर ग्रॅमच्या आसपास असावे. जड असेल तर डोक्यावरून जाणारा तिसरा पट्टा हवा किंवा बॅटरी मागे किंवा कमरेला असावी. दिव्याला मान हवी, म्हणजे तो खाली-वर वळला पाहिजे. दुकानात बांधून चार वेळा वाका. आपोआप घसरला तर परत द्या.

पांढरा, पिवळसर, तांबडा आणि जांभळा

निळसर पांढरा उजेड डोळे दिपवतो, पण त्यात तपकिरी आणि तांबूस रंग फिके पडतात. घोणस तपकिरी, फुरसे मातकट, जमीनही त्याच रंगाची. किंचित पिवळसर उजेडात हे रंग वेगळे कळायला मदत होते. किडेही पिवळसर दिव्यावर कमी येतात. कपाळाच्या दिव्यावर आलेले किडे नाकातोंडातच जातात, तेव्हा ही गोष्ट लहान नाही.

तांबडा उजेड अंधाराला सरावलेली नजर मोडत नाही. ती नजर पुन्हा पुरती सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. म्हणून गोठ्यात डोकवायला, निजलेल्या मुलांत काही शोधायला तांबडा चांगला. वाटेने चालायला मात्र तो अपुरा.

जीवाश्म शोधणाऱ्यांकडे आणखी एक जांभळा दिवा असतो. त्यातून निघणारे अतिनील किरण आपल्याला जवळजवळ दिसत नाहीत, पण काही हाडे आणि शिंपले त्यांत चमकतात. हा दिवा आपल्याही उपयोगाचा आहे. विंचू या किरणांत हिरवट-निळसर चमकतो. त्याच्या कवचातच तसे द्रव्य असते. कोकणातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या लाल विंचवाचा दंश किती घातक, ते तिथल्या घरांना सांगायला नको. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशावरचा उपचार पालटला आणि असंख्य जीव वाचले. पण दंश होण्याआधीच विंचू दिसला तर उत्तम. निजण्यापूर्वी जांभळा दिवा घेऊन भिंतीच्या फटी, सरपणाचा ढीग, चपला, अंथरुणाची कड पाहावी. लांब चिमट्याने उचलावा, हाताने नव्हे. नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि हा दिवा कोणाच्या डोळ्यांवर मारू नका. तो मंद भासतो, पण डोळ्यांना घातक आहे. मुलांच्या खेळण्यात जाऊ देऊ नका.

दिवा जे सांगत नाही

चांगला दिवा मिळाला की माणूस निर्धास्त होतो. म्हणून तीन गोष्टी गाठीला बांधा.

पहिली सापाची. कपाळाच्या दिव्यात मांजर, कुत्रा, गाय, बिबट्या यांचे डोळे चमकतात, कारण त्यांच्या डोळ्यांत आरशासारखा पडदा असतो. सापाच्या डोळ्यांत तो नसतो. डोळे चमकले नाहीत म्हणजे जनावर नाही, असे समजू नका.

दुसरी विहिरीची. आपले आजोबा जुन्या विहिरीत किंवा धान्याच्या पेवात उतरण्यापूर्वी कंदील दोराने खाली सोडत. कंदील विझला तर आत हवा नाही, हे कळे. एलईडीचा दिवा हवेवर जळत नाही. आत माणूस गुदमरून पडला तरी तो लखलखीत जळत राहील. कंदिलाची परीक्षाही पुरी नाही, कारण काही विषारी वायू ज्योत विझवत नाहीत. आणि गोबर गॅसच्या टाकीशी ज्योत नेणे म्हणजे आगीशी खेळ. बंद पडलेली विहीर, पेव, टाकी यांत एकट्याने कधी उतरू नका, कपाळावर कितीही भारी दिवा असो.

तिसरी यंत्राची. स्वस्त दिवे मंद उजेडावर बारीक लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही. दिव्यासमोर बोटे भराभर हलवा. एका बोटाची चार बोटे सुटी सुटी दिसली, तर दिवा लुकलुकतो आहे. अशा उजेडात कडबाकुट्टीचे फिरते चाक क्षणभर थांबल्यासारखे भासू शकते. तिथे तो दिवा नको. लोंबता पट्टा आणि लोंबती वायरही यंत्राजवळ नको.

घरातल्या दोन गोष्टी

कपाळाचा दिवा लावून समोरच्याशी बोलू नका. त्याचे डोळे दिपतात आणि तुम्ही पुढे गेल्यावर पुढची पाच पावले तो आंधळा चालतो. दिवा खाली वळवा, मग रामराम करा. बैलांच्या, म्हशींच्या तोंडावरही एकदम झोत मारू नका.

दिवा फक्त घरधन्याचा नाही. पहाटे अंधारात बाहेर पडणारी सासूबाई, धारेला उठणारी सून, रात्री अंगणापलीकडे जाणारी पोरे, सगळ्यांना तो लागतो. म्हणून एकच भारी दिवा घेण्यापेक्षा दोन साधे, खात्रीचे घ्यावेत: एक रानात जाईल, एक दाराजवळच्या खुंटीला कायम टांगलेला राहील. मण्यार रात्री घरात शिरते आणि तिचा चावा कित्येकदा दुखतही नाही. तेव्हा खाटेवरून पाय खाली टाकण्यापूर्वी उजेड खाली टाकावा. मच्छरदाणी नीट खोचून निजावे, ती डासांपुरतीच नसते.

इतके करूनही दंश झालाच, तर कापू नका, चोखू नका, आवळून दोर बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला अवयव न हलवता ठेवा, वेळ लक्षात ठेवा, १०८ ला फोन करा आणि विषावरची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात पोचा. तिथे मिळणारी लस हाच खरा उतारा.

आणि दिवा काठीची, बुटांची जागा घेत नाही. पायात गमबूट, हातात काठी आणि जोडीला उजेड. तिन्ही मिळून एक रक्षण होते.

पुढच्या पाळीची रात्र येईल. साडेअकराला लाइट येईल. आतून पुन्हा आवाज येईल, "अहो, बॅटरी घेतली का?"

"घेतली. कमरेला आहे."

"आणि वाफ्यावर गेल्यावर?"

"कपाळाला."

एवढे उत्तर मिळाले, की आतल्या माणसालाही जरा डोळा लागेल.